कित्ता गिरवायची लाज कसली?

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्याकडे 'कॉपीमुक्त अभियान' सुरू होतं. भरारी पथकं, केंद्राबाहेर बंदोबस्त, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खिडकीच्या गजाला लटकून चिठ्ठी पोचवणाऱ्या कुणा मामाचा फोटो. त्यामुळे 'कॉपी' या शब्दाला महाराष्ट्रात एकच अर्थ उरला आहे. गेल्या वर्षी मी कुणाला सांगितलं, की सध्या एका जुन्या तैलचित्राची कॉपी करतोय, की समोरचा क्षणभर गप्प व्हायचा आणि मग, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारायचा, "मग स्वतःचं कधी काढणार?"

प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो. पण त्यामागची समजूत आपल्या चित्रकलेच्या शिक्षणाचं बरंच नुकसान करते आहे, असं माझं मत झालं आहे. तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं असेल तर एखादं जुनं, कसलेल्या हाताचं चित्र समोर ठेवून त्याची शेवटपर्यंत नक्कल करावी. त्याच्याइतका कडक मास्तर दुसरा नाही. आणि ज्या नकलेची आपल्याला खरोखर लाज वाटायला हवी, ती मात्र आपण खुशाल चालवून घेतो.

माझे वडील चादरीचे ग्राफ काढायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात, पत्र्याच्या खोलीत, तिरक्या फळीवर चौकटींचा कागद लावून. ज्यांनी जॅकार्ड माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: चादरीवरचा मोर आधी कागदावरच्या बारीक चौकटींत रंगवतात. चौकटींची एकेक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एकेक कार्ड. जिथे रंग तिथे भोक. कार्डांची माळ मागावर चढली की भोकाप्रमाणे धागे उचलले जातात आणि मोर विणला जातो. एक चौकट चुकली तर मोराची चोच वाकडी, आणि ती चूक प्रत्येक चादरीत.

वडिलांकडे शिकायला येणाऱ्या पोराला पहिली दोन वर्षं नवीन नक्षी काढायला मिळायची नाही. एक जुनी, धुऊन विटलेली चादर त्याच्यासमोर टाकायची, हातात भिंग द्यायचं आणि सांगायचं, मोज. उभे धागे, आडवे धागे मोजत मोजत तो मोर पुन्हा कागदावर उतरवायचा. पोरं कंटाळायची. काही पळून जायची. जी टिकली त्यांना एक गोष्ट कळलेली असायची: जुन्या माणसाने मोराच्या मानेचा वळसा फक्त सात पायऱ्यांत का बसवला, आठव्या पायरीला काय बिघडलं असतं. हे सांगून कळत नाही, मोजून कळतं.

त्या पोरांना कुणी कॉपीबहाद्दर म्हटलं नाही. उलट, सोलापूरकरांचा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. बाहेरगावी विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातात, आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन असूनही. त्यातली चोरी नक्षीत नाही, शिवलेल्या लेबलात आहे. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण सगळे एकदम भोळे होतो.

मी निवडलेलं चित्र सतराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकाराचं, दिएगो वेलास्केसचं: 'हुआन दे पारेहा' हे व्यक्तिचित्र. १६५० मध्ये रोममध्ये काढलेलं, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असलेलं. या म्युझियमने २०१७ मध्ये हक्कमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा सगळ्यांना मोकळ्या केल्या, त्यामुळे सोलापुरात बसून त्या चित्राचा एकेक फटकारा मोठा करून बघता येतो. हेच चित्र का, तर आमच्या सरांनी सुचवलं म्हणून. सर म्हणजे माझे शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. आता ऐंशीच्या घरात आहेत, घरीच चार-पाच जणांना शिकवतात. मी पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझी रंगपेटी उघडली, 'फ्लेश टिंट' लिहिलेली ट्यूब दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि विचारलं, "हा रंग तुझ्या घरात कुणाचा आहे रे?"

गुलाबी. फिकट, आजारी गुलाबी. आपल्याकडच्या लाखो मुलांनी माणसाचा चेहरा म्हणून हाच रंग फासला आहे, आणि आई-बाप, आजी-आजोबा कुणाच्याच तोंडाशी तो जुळत नाही हे कुणाला खटकलेलं नाही. पारेहा सावळा आहे. त्याच्या गालावर पिवळी माती आहे, तपकिरी आहे, किंचित शेंदरी आहे, आणि सावलीकडे वळताना मध्येच एक हिरवट करडी छटा आहे जी बघितल्याशिवाय सुचत नाही. कपाळावरचा उजेड मात्र थंड आहे. सावळ्या कातडीवर उजेड जास्त नेमका, जास्त झळझळीत बसतो, हे आपण रोज आरशात बघतो आणि रंगवताना विसरतो. युरोपातल्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराकडून मला आमच्या गल्लीतल्या माणसांचा रंग शिकावा लागला, याचं हसू येतं, पण झालं खरं तसं.

आणि हा पारेहा होता कोण? वेलास्केसचा गुलाम. रंग घोटणं, कॅनव्हास ताणणं ही त्याची कामं. त्याचं चित्र काढलं त्याच वर्षी वेलास्केसने रोममध्ये त्याच्या मुक्तीच्या कागदावर सही केली. पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला. मालकाच्या पाठीमागे बघून बघून, लपून शिकला, अशी कथा सांगतात. आपल्याकडे रविवर्म्याचीही साधारण अशीच कथा आहे: दरबारी चित्रकार रामस्वामी नायडूंनी तैलरंग शिकवायचं नाकारलं, आणि १८६८ मध्ये त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने काम करताना नुसतं बघू दिलं. इथे कुणीतरी एकलव्याचं नाव काढतंच. मला ते पटत नाही. एकलव्याच्या गोष्टीत शेवटी अंगठा जातो. इथे दोघांच्याही हातात कुंचला राहिला.

आता प्रत्यक्ष काम. मूळ चित्र ८१.३ बाय ६९.९ सेंटीमीटर. मी ते एक पंचमांशाने लहान केलं, ६५ बाय ५६. का, ते पुढे येईल. कॅनव्हासवर आधी करडी-तपकिरी छटा फासून घेतली, कारण पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही रंग गडद वाटतो आणि माणूस घाबरून सगळं फिकट रंगवत जातो. मग मोठे आकार. मग चेहरा. इथपर्यंत ठीक चाललं होतं.

पारेहाच्या गळ्याशी एक रुंद पांढरी कॉलर आहे, कडेला लेसची. मी तीन रविवार त्या लेसवर घालवले. शून्य नंबरच्या ब्रशने, मोबाइलवर मोठं करून, जाळीचं एकेक भोक. चौथ्या रविवारी सर मागे येऊन उभे राहिले.

"किती भोकं मोजायलास रे?"

मी अभिमानाने सांगितलं, अर्धी झाली.

"सहा हात लांब जा बघू."

लांब गेलो. मूळच्या प्रिंटमध्ये लांबून लेस दिसत होती. माझ्या कॅनव्हासवर लांबून गव्हाच्या चाळणीसारखं काहीतरी दिसत होतं. सरांनी काही न बोलता चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि तीन रविवार पुसून टाकले. मग म्हणाले, आता मोजू नको, बघ. जवळून पाहिलं तर तिथे लेस नव्हतीच. खाली एक सलग करडा आकार, त्यावर सपाट ब्रशने टेकवलेले जाड पांढरे ठिपके, काही ओढलेले, काही नुसते ठेवलेले. भोकं त्याने काढलीच नव्हती. दोन ठिपक्यांमध्ये जो करडा उरला तीच भोकं. अर्ध्या इंचाच्या ब्रशने कॉलर वीस मिनिटांत झाली.

वडील शिकाऊ पोरांना मोजायला लावायचे, आणि इथे मोजलं म्हणून पुसलं. मला हा विरोधाभास बरेच दिवस सलत होता. मग उलगडलं, की दोन्हीकडे शोध एकाच गोष्टीचा आहे: करणाऱ्याने काय ठरवलं होतं? मागावर ते धागे मोजून सापडतं, तैलचित्रात थर उलटे सोलून. कुठला रंग आधी पडला, कुठला नंतर. कुठे तो ओला असतानाच दुसरा घुसवला, कुठे वाळायची वाट बघितली. कानामागची केसांची कड पार्श्वभूमीत का हरवू दिली आणि नाकाची का नाही. चित्र समोर बसलेल्या माणसासारखं हलत नाही, त्याला चहा लागत नाही, संध्याकाळ झाली म्हणून त्याचा उजेड बदलत नाही. त्यामुळे बहाणा शिल्लक राहत नाही. जे चुकतं ते फक्त आपलं.

गाण्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शिष्य वर्षानुवर्षं गुरूची बंदिश गुरूच्याच हरकतींसकट गळ्यावर चढवतो. त्याला आपण तालीम म्हणतो. तबल्याचा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, तसाच. अक्षर वळवायला आपण कित्ता गिरवला, म्हणजे दुसऱ्याचंच अक्षर गिरवलं, आणि तरी प्रत्येकाचं अक्षर शेवटी वेगळं झालं. रंगांनी असं काय घोडं मारलं, की त्यांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून 'स्वतःचं' हवं?

थोडं तेलाबद्दल. हा भाग नक्कल केल्याशिवाय अंगी लागत नाही आणि सोलापूरकराला तो जवळचाही आहे. तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचं, तेच जवस ज्याची चटणी आपण भाकरीवर घेतो. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते घट्ट होतं, त्याची साय धरते. शेंगतेलाचं तसं होत नाही, ते जन्मभर ओलंच राहतं. (घरी ही सूचना आली होती, स्वयंपाकघरात पाच किलोचा डबा पडून आहे म्हणून.) आणि आपल्या जिल्ह्याच्या काळ्या रानात रब्बीला येणारी करडई? तिचं तेल जवसापेक्षा कमी पिवळं पडतं, म्हणून रंग बनवणारे बऱ्याचदा पांढरा रंग त्यात घोटतात. वाळतं मात्र हळू. अंबर नावाचा तपकिरी रंग एका रात्रीत सुकतो, त्याच्या मातीतलं मँगनीज ते काम करतं. हस्तिदंती काळा मात्र दिवसेंदिवस चिकट राहतो. म्हणून खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर सरकतो आणि चेहऱ्याला भेगा पडतात.

हे सगळं पुस्तकात असतं. पण एप्रिलमध्ये, पारा बेचाळीसवर असताना, वळवाच्या आधीच्या धुळीत ओला कॅनव्हास उघडा ठेवला की ते पाठ होतं. पारेहाच्या डाव्या गालाला आमच्या रस्त्याची माती कायमची चिकटली आहे. मग मी शहाणपणा करून चित्र भिंतीकडे तोंड करून बंद खोलीत ठेवलं, तर दोन महिन्यांनी कॉलर पिवळट झालेली. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. खिडकीपाशी उजेडात ठेवल्यावर बरीच निवळली. शिक्षण म्हणतात ते हेच, आणि ते एका चेहऱ्याशी चार-पाच महिने झटल्याशिवाय होत नाही. 'एका दिवसात ऑइल पोर्ट्रेट' अशा कार्यशाळांच्या जाहिराती बघतो तेव्हा मला त्या तेलाची दया येते.

नक्कल हे नवशिक्याचं काम, ही आणखी एक गैरसमजूत. १६२८ मध्ये फ्लेमिश चित्रकार रूबेन्स माद्रिदला आला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, अख्ख्या युरोपात नाव झालेला, राजकारणाच्या कामावर निघालेला माणूस होता. त्याने राजाच्या संग्रहातल्या, आधीच्या शतकातल्या टिशियन या इटालियन चित्रकाराच्या चित्रांसमोर बसून नकला केल्या. टिशियनचं 'आदम आणि इव्ह' आणि रूबेन्सने केलेली त्याची नक्कल, दोन्ही आज माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहेत. रूबेन्सने त्यात आपला एक पोपट घुसवला आहे. त्या वेळी त्याच दरबारात तिशीच्या आतला वेलास्केस नोकरीला होता. अडीचशे वर्षांनी, १८७९ मध्ये, सार्जंट हा तरुण अमेरिकन चित्रकार त्याच म्युझियममध्ये वेलास्केसच्या चित्रांची नक्कल करत बसला. माळ अशी चालत आलेली आहे.

आणि ही माळ फक्त तिकडची नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून केलं. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसले, ते थेट १८८५ पर्यंत. त्यांच्याही बऱ्याच प्रती त्याच वर्षी लंडनमध्येच आगीत जळाल्या. पण त्या विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे आपल्याकडचे पहिल्या फळीचे व्यक्तिचित्रकार झाले. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी वाकाटक काळातल्या अनाम चित्रकारांच्या रेषा गिरवण्यात घालवली. ती वाया गेली असं त्यांची पारशी म्हाताऱ्यांची चित्रं बघणारा कुणी म्हणणार नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. साहेबांच्या कलाशाळांनी ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे गिरवायला लावून आपल्या मुलांची नजर परकी केली, असं म्हणणारे लोक होते आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत हॅवेल प्राचार्य झाले तेव्हा त्यांनी शाळेच्या संग्रहातली युरोपीय चित्रं बाजूला काढून मुघल-राजपूत चित्रं आणायला सुरुवात केली, ती याच विचाराने. आजही एखाद्या मुलाने वेलास्केस गिरवावा की नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण मुघल आणि राजपूत चित्रशाळांत तरी पोरं काय करत होती? खाका. मूळ रेषेवर टोचलेली भोकं, त्यातून झिरपवलेली कोळशाची भुकटी, आणि त्यावर पुन्हा तीच रेष. हॅवेल यांनी फक्त कित्ता बदलला, गिरवणं नाही. तेव्हा वाद घालायचा तर कुणाची नक्कल करावी यावर घालू. धुरंधर गिरवा, आबालाल रहिमान गिरवा, रविवर्मा गिरवा. मला सावळ्या कातडीसाठी पारेहा सोयीचा पडला इतकंच.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. काही जण नकलेतच राहतात. त्यांना मोनालिसा येते आणि शेजारच्या काकू येत नाहीत. नक्कल उत्तरं देते. प्रश्न कसा पाडायचा हे देत नाही. जिवंत माणूस समोर बसला की त्याच्या चेहऱ्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं, तिथे वेलास्केस येत नाही. म्हणून सरांचा नियम असा, की एक नक्कल झाली की तीन माणसं प्रत्यक्ष बसवून काढायची, आणि ती झाल्याशिवाय दुसऱ्या नकलेला हात लावायचा नाही. मला हे प्रमाण बरोबर वाटतं.

आता ज्या नकलेबद्दल आपण बोलत नाही तिच्याकडे येऊ. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ३, ५ किंवा ७ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे गर्दी भरपूर. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. नावाप्रमाणे मुलाने डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग आठवून काढावा अशी अपेक्षा. प्रत्यक्षात बऱ्याच क्लासमध्ये काय चालतं हे ज्यांची मुलं या परीक्षेला बसली आहेत त्यांना विचारा. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठमोरा टोपीवाला म्हातारा, फुगेवाला, दोन मुलं, एक झाड. हे ठरलेले आकार पाठ करून घेतात, आणि विषय 'आठवडी बाजार' आला काय किंवा 'जत्रा' आली काय, तीच माणसं थोडी इकडेतिकडे सरकवून मुलगा कागद भरतो. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी जाणारं, नंदीध्वजाच्या काठ्या डोळ्यांनी बघणारं पोरगं जत्रेच्या चित्रात गाइडातला फुगेवाला काढतं. हीसुद्धा नक्कलच आहे, फक्त वाईट चित्राची, न बघता केलेली आणि 'स्मरण' असं लेबल लावलेली.

मोठ्यांचं काही वेगळं नाही. मोबाइलमधला फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडायचा, कडा आखून घ्यायच्या, आत रंग भरायचे. किंवा त्याहून सोपं, फोटोच कॅनव्हासवर छापून घ्यायचा आणि वरून चार ठिकाणी जाड रंग थापायचा, की 'हॅन्डमेड ऑइल पोर्ट्रेट' तयार. गिऱ्हाइकाला सांगितलं तर माझी हरकत नाही. पोट सगळ्यांना आहे. फ्लेक्स आल्यावर हाताने बॅनर रंगवणारे किती पेंटर एका रात्रीत बेकार झाले हे सोलापूरने पाहिलं आहे. ते पेंटर चौकटी टाकून फोटोवरून नटाचा चेहरा वीस फूट उंच करायचे, आणि जवळून ओबडधोबड दिसणारे फटकारे रस्त्याच्या पलीकडून डोळे होऊन बघायचे. माझ्या कॉलरचा धडा त्यांना जन्मजात येत होता. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच पुढे आले. फलकावर सही नसायची, आणि तो फोटोवरून आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. लपवाछपवी नव्हती.

मागच्या वर्षी शहरातल्या एका प्रदर्शनासाठी मी माझा पारेहा दिला. पाठीवर ठळक लिहिलं होतं: 'वेलास्केसच्या १६५० मधील चित्रावरून केलेली प्रत, आकार लहान केलेला.' पुढे सही नाही. चित्र परत आलं. नियमात 'चित्र स्वनिर्मित असावे' असं होतं. नियम नियम आहे, मी वाद घातला नाही. प्रदर्शन बघायला गेलो तर बक्षीस मिळालेल्या चित्रातलं पागोटेवालं म्हातारं मी आधी इंटरनेटवर फोटोत पाहिलेलं होतं, सुरकुतीला सुरकुती तेच. खाली झोकदार सही. मला राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण त्या मुलाचा राग नाही आला. आपणच त्याला असा नियम दिला, की कुणावरून केलंस ते सांगितलंस तर बाहेर, लपवलंस तर बक्षीस.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रदर्शनांच्या अर्जात एक रकाना वाढवा: 'अनुकृती'. कशावरून केली ते लिहायचं, वेगळी भिंत द्यायची, हवं तर बक्षीस देऊ नका. हक्काचा प्रश्न जुन्या चित्रांना येत नाही. आपल्या कायद्यात कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, आणि रविवर्म्याला जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाली.

दुसरी मागणी संग्रहालयांकडे. पॅरिसच्या लूव्हरमध्ये १७९३ पासून, म्हणजे ते लोकांसाठी उघडलं तेव्हापासून, नकला करणाऱ्यांना बसू देतात. नियम कडक आहेत: प्रत मूळ आकारापेक्षा एक पंचमांश तरी लहान किंवा मोठी हवी, मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. मी माझा कॅनव्हास लहान केला तो हा नियम बघूनच. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रं काढणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उभं केलं, आणि तिथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. सोलापूरहून भल्या पहाटे निघालं तर दिवसात जाऊन येता येतं. घरोघरीच्या कॅलेंडरांत रविवर्मा एकाच जाडीचा, गुळगुळीत असतो. मूळ चित्रासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा रंगाची जाडी दिसते, आणि जाडी मोबाइलमध्ये येत नाही, प्रिंटमध्ये येत नाही. पारेहासाठी मी नव्या पेठेत दोन ठिकाणी प्रिंट काढली. एकात तो हिरवा, एकात लाल. तिसरा माझ्या फोनमध्ये, आतून दिवा लावल्यासारखा. खरा कुठला हे मला न्यूयॉर्कला गेल्याशिवाय कळणार नाही. रविवर्म्याच्या बाबतीत तरी ही वेळ आपल्या मुलांवर येऊ नये. राज्यातल्या संग्रहालयांनी आठवड्यातला एक वार, एका दालनात चित्र टेकवायचे चार घोडे आणि चार स्टुलं, एवढी जागा दिली तरी पुष्कळ. चित्राला धोका नको म्हणून तैलरंगाला मनाई करा, नुसतं पेन्सिल-कोळशाने बसू द्या, तरी चालेल.

पारेहा संपल्यावर सरांच्या नियमाप्रमाणे मी पहिलं माणूस बसवलं. आमच्या गल्लीत इस्त्री करणारे काका, सत्तरीचे, कोळशाच्या इस्त्रीने भाजून हाताची बोटं काळवंडलेली. दुपारी तीन ते चार, दुकानात गिऱ्हाईक नसताना. ते अर्ध्या तासाने पेंगायला लागायचे आणि हनुवटी खाली यायची, मग सगळ्या सावल्या बदलायच्या. दुसऱ्या बैठकीत गालाच्या वळणावर रंग कुठलाच बसेना. तपकिरी लावला तर माती, पिवळा लावला तर कावीळ. मग हात आपोआप त्या हिरवट करड्याकडे गेला, जो पारेहाच्या गालावर मी चार वेळा पुसून पाचव्यांदा जमवला होता. लावला आणि गाल वळला. काकांनी जागे होऊन बघितलं आणि म्हणाले, "शेवाळं आलंय की तोंडावर. पण मीच आहे."

दोन्ही चित्रं या वर्षी मी त्याच प्रदर्शनाला देणार आहे. काका 'स्वनिर्मित' रकान्यात बसतील. पारेहासाठी रकाना आलेला नसेल, तर अर्जाच्या तळाला पट्टीने आखून घेईन. ग्राफ काढणाऱ्याचा मुलगा आहे, चौकट सरळ येते मला.